६५५३४ : ‘कोणीही नाही’ या वापरकर्त्याची कुळकथा

(दीर्घ धागा)

सर्व्हरवर एक फोल्डर आहे. तो नेटवर्कवरून चार कंटेनरांना सामाईक दिलेला आहे. पहिला कंटेनर त्यात फाइल लिहितो. दुसऱ्याला ती फाइल दिसते, पण त्याला ती उघडता येत नाही. तिसऱ्याला त्या फाइलीचा मालक भलताच कोणी दिसतो. आणि चौथ्याला मालकाच्या जागी दिसते एकच नाव : ‘नोबडी’, म्हणजे ‘कोणीही नाही’. कधी नावही नसते, नुसता आकडा असतो : ६५५३४.

आजच्या सर्व्हर-व्यवस्थापकांना वारंवार भेटणारा हा ‘कोणीही नाही’ कंटेनरांच्या युगात जन्मलेला नाही. तो कंटेनरांहून कितीतरी जुना आहे. त्याची कुळकथा शोधू लागल्यास १९८० च्या दशकातील कॅलिफोर्नियात जावे लागते.

फेब्रुवारी १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्स ही कंपनी स्थापन झाली. विनोद खोसला, अँडी बेख्टोल्सहाइम, स्कॉट मॅकनिली हे तिचे संस्थापक. बिल जॉय लवकरच त्यांना येऊन मिळाला. ‘सन’ हे नाव सूर्यावरून नव्हे, ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले. नावातच नेटवर्क होते, आणि कंपनीचा सारा डाव त्या नेटवर्कवरच होता.

त्या काळी डिस्क महाग होती. अभियंत्याच्या टेबलावर स्वतंत्र वर्कस्टेशन ठेवणे परवडू लागले होते, पण प्रत्येक यंत्राला स्वतःची डिस्क देणे जड जात होते. म्हणून सनने डिस्कविरहित यंत्रे विकायला काढली. यंत्र सुरू करण्यासाठी लागणारी संगणकप्रणालीसुद्धा इथरनेटच्या तारेवरून, दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरकडून यायची. आरंभी यासाठी सनकडे ‘एनडी’ नावाची एक व्यवस्था होती. तिच्यात सर्व्हरच्या डिस्कचे तुकडे पाडून यंत्रांना वाटून दिले जात. वाटणी झाली खरी, पण सामाईकपणा आला नाही. ज्या तुकड्यावर लिहायचे तो ज्याचा त्याचा. एकच फोल्डर दोघांनी लिहिता-वाचता वापरावा, ही सोय त्यात नव्हती.

ती सोय करणारी रचना म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टीम, अर्थात एनएफएस. रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन या पाच जणांनी १९८५ च्या उन्हाळ्यात पोर्टलंड येथील युसेनिक्स परिषदेत तिच्यावरील शोधनिबंध सादर केला. या निबंधात आपला ‘नोबडी’ प्रत्यक्ष भेटतो. पण त्याच्याआधी, त्याला जन्म देणारे दोन निर्णय पाहिले पाहिजेत.

पहिला निर्णय विस्मरणाचा. सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचे नाही, असे या मंडळींनी ठरवले. कोणत्या यंत्राने कोणती फाइल उघडली आहे, कोण कुठवर वाचत आले आहे, याची कसलीही नोंद सर्व्हरकडे नसे. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असायची : अमुक फाइल, अमुक बाइटपासून, इतके बाइट. सर्व्हर मध्येच कोसळला तर ग्राहक-यंत्र तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवत राही. सर्व्हर उठला की पहिल्या मागणीला उत्तर देई. जणू मध्ये काही घडलेच नाही. यंत्रे बंद पडणे ही रोजचीच बाब असलेल्या त्या काळात हा निर्णय फार शहाणपणाचा होता.

त्याची किंमतही पडली. जो काहीच लक्षात ठेवत नाही, तो फाइलीला कुलूप कसे लावणार? कुलपांसाठी सनला वेगळी, स्मरणशक्ती असलेली व्यवस्था शेजारी उभी करावी लागली, आणि ती कायम दुखरी बाजू राहिली. उघडी असलेली फाइल कोणी पुसली तर काय, याचे उत्तरही जुगाडाचेच होते : ग्राहक-यंत्र ती फाइल पुसण्याऐवजी गुपचूप तिचे नाव बदलून ‘.एनएफएस’ने सुरू होणारे विचित्र नाव देते आणि काम संपल्यावर पुसते. जाणकारांनी या युक्तीला ‘सिली रिनेम’, म्हणजे खुळे नामांतर, असे नाव दिले. ती आजही चालू आहे.

सर्व्हरने लिखाण खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय ‘झाले’ म्हणायचे नाही, हा नियमही याच विस्मरणातून आला. त्यामुळे लिहिणे संथ झाले. तो संथपणा हा पुढे एक व्यवसायच झाला : रसेल सँडबर्ग आणि बॉब लायन हे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या लेगाटो या कंपनीच्या संस्थापकांत होते, आणि तिचे पहिले नावाजलेले उत्पादन याच लिखाणाला वेग देणारे कार्ड होते.

दुसरा निर्णय विश्वासाचा, आणि खरी गोष्ट येथून सुरू होते.

युनिक्सच्या गाभ्याला माणसांची नावे ठाऊक नसतात. त्याच्या लेखी प्रत्येक वापरकर्ता म्हणजे एक आकडा. सर्वाधिकारी ‘रूट’चा आकडा शून्य. एकाच यंत्रापुरते हे ठीक होते. तो आकडा ते यंत्रच देई आणि तेच तपासे. एनएफएसमध्ये मात्र ग्राहक-यंत्र तारेवरून मागणीसोबत आकडा पाठवू लागले : ‘मी वापरकर्ता क्रमांक १००१, मला ही फाइल हवी.’ सर्व्हर तो आकडा खरा मानी. आकड्यासोबत गटांचे क्रमांकही जात, जास्तीत जास्त सोळा.

मराठी पत्रव्यवहाराशी तुलना करावी, तर फरक चटकन कळतो. शिवकाळात आणि पेशवाईत राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मोर्तबानंतर कोणी ओळ घुसडली तर ती उघडी पडे. पत्र कोणाचे आणि ते कुठे संपले, याची खात्री कागदावरच असे. एनएफएसच्या पत्रावर शिक्काही नव्हता आणि मोर्तबही. पत्रात लिहिलेले नावच प्रमाण मानायचे होते.

हे दुर्लक्षातून घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रयोगशाळेतली सगळी यंत्रे एकाच व्यवस्थापकाच्या हाताखाली असत. तारही त्याच इमारतीत फिरे. तेथे अविश्वासाला कारण नव्हते. पण एक अडचण त्याही वेळी डोळ्यांसमोर होती. टेबलावरच्या वर्कस्टेशनचा धनी आपल्या यंत्रावर सहज ‘रूट’ होऊ शकत होता. त्याने शून्य हा आकडा तारेवर पाठवला, तर सर्व्हरवरच्या साऱ्या फाइली त्याला खुल्या व्हायच्या.

त्यावर काढलेला तोडगा असा : तारेवरून शून्य आला तर सर्व्हरने त्याला शून्य मानायचे नाही, त्याच्या जागी उणे दोन हा आकडा धरायचा आणि त्या वापरकर्त्याला ‘नोबडी’ म्हणायचे. वापरकर्त्याचे आकडे तेव्हा सोळा बिटांत साठवले जात. सोळा बिटांत ६५,५३६ आकडे मावतात. ऋण चिन्ह न मानता वाचले, तर उणे दोन म्हणजे ६५,५३६ वजा दोन. उत्तर ६५५३४.

‘कोणीही नाही’ याचा जन्म असा झाला. तो होता पदच्युत राजा : आपल्या घरात सर्वाधिकारी, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर कोणीही नाही. पुढे या रिवाजाला ‘रूट स्क्वॉश’ हे नाव रूढ झाले.

या तोडग्याचे दुबळेपण मात्र लपलेले नव्हते. शून्य अडवला, पण १००१ कोण अडवणार? आपल्या यंत्रावर ‘रूट’ झालेला माणूस दुसऱ्याच क्षणी १००१ चा वेश घेऊ शकत होता, आणि सर्व्हर त्याला १००१ च मानणार होता. दरवाजाला कडी होती, पण ती एकाच पाहुण्यासाठी.

दुसरी गरज निघाली ती आकड्यांच्या एकवाक्यतेची. एका यंत्रावर १००१ म्हणजे एक माणूस आणि शेजारच्या यंत्रावर १००१ म्हणजे दुसराच, असे झाले तर सामाईक फोल्डरात फाइलींची मालकी गोंधळून जाणार. म्हणून सनने एनएफएसच्या जोडीला सर्व यंत्रांना एकच वापरकर्ता-यादी पुरवणारी व्यवस्था दिली. तिचे नाव होते ‘यलो पेजेस’. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचे निघाले, म्हणून पुढे ‘एनआयएस’ असे नामांतर करावे लागले. नाव गेले, तत्त्व उरले : सामाईक फोल्डर हवा असेल, तर आधी आकड्यांवर एकमत हवे.

एनएफएसचे प्रतिस्पर्धी गुणवत्तेने कमी नव्हते. एटी अँड टी कंपनीने सिस्टीम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८६ मध्ये, ‘आरएफएस’ आणली. तिचा सर्व्हर सगळे लक्षात ठेवी आणि युनिक्सच्या नियमांशी अधिक प्रामाणिक होता. कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साहाय्याने उभारलेल्या अँड्र्यू प्रकल्पातील फाइल-व्यवस्था तर सुरक्षिततेत आणि आवाक्यात एनएफएसच्या पुढे होती. तरी जगाने उचलली ती एनएफएसच. सनने तिचे नियम उघड केले आणि प्रतिस्पर्ध्यांनाही ती आपापल्या यंत्रांवर बसवू दिली. १९८९ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे नियम आरएफसी १०९४ म्हणून प्रसिद्ध झाले. साधी, थोडी ओबडधोबड, पण सर्वांना खुली असलेली वस्तू जिंकली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द युनिक्स-हेटर्स हँडबुक’ने एनएफएसला ‘नाइटमेअर फाइल सिस्टीम’ म्हणत एक अख्खे प्रकरण खर्ची घातले. ज्याला कोणी वापरत नाही त्याच्यावर प्रकरण लिहायला कोणी बसत नाही.

१९९५ ची तिसरी आवृत्ती आली. मोठ्या फाइली आणि वेगवान लिखाण एवढेच तिचे मुख्य देणे. ओळखीच्या प्रश्नाला तिने हात लावला नाही. तो धीर केला चौथ्या आवृत्तीने. सनने नियम बदलण्याचा अधिकार आयईटीएफ या सार्वजनिक मानक-संस्थेकडे सोपवला आणि डिसेंबर २००० मध्ये चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने आपला विस्मरणाचा बाणा सोडला : आता सर्व्हर कुलपे लक्षात ठेवू लागला, ठरावीक मुदतीने त्यांचे नूतनीकरण मागू लागला. केर्बेरोसच्या पद्धतीने खरी ओळख पटवण्याची सोय प्रत्येक अंमलबजावणीत असणे तिने बंधनकारक केले. आणि फाइलीचा मालक सांगताना आकड्याऐवजी नाव पाठवायचे असे ठरले. नाव, मग ॲटचे चिन्ह, मग क्षेत्राचे नाव.

शिक्कामोर्तब अखेर आले, असे वाटावे. व्यवहारात निराळेच घडले. केर्बेरोस उभारणे कटकटीचे. असंख्य ठिकाणी ते टाळले गेले आणि मागणीच्या माथ्यावर जुनाच आकडा जात राहिला. मालकाचे नाव तेवढे अक्षरांत येई. दोन यंत्रांवर क्षेत्राचे नाव वेगळे लिहिलेले असले की एकाचे नाव दुसऱ्याला उमगत नसे, आणि मग फोल्डरातल्या सगळ्या फाइलींचा मालक म्हणून एकच गृहस्थ उभा राही : नोबडी. शेवटी लिनक्सने, केर्बेरोस नसेल तेथे, आकडाच अक्षरांच्या रूपात लिहून पाठवण्याची पद्धत स्वीकारली. नावांचे राज्य यायचे होते. आकड्यांचे राज्य वेश पालटून परत आले.

आता गोष्टीतला दुसरा प्रवाह.

एनएफएस खिडक्या उघडत असताना युनिक्सच्याच जगात भिंती बांधण्याचे कामही चालले होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘सीएच-रूट’ ही सोय आली. एखाद्या प्रोग्रॅमला एकच फोल्डर म्हणजे सारे जग, असे भासवता येऊ लागले. २००० मध्ये फ्रीबीएसडीने ‘जेल’ दिले, २००५ च्या सोलॅरिस १० मध्ये ‘झोन’ आले. लिनक्सने ही भिंत विटेविटेने रचली : २००२ मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसमूहाला फोल्डरांचे वेगळे जग, २००८ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी सुरू केलेले साधनवाटपाचे ‘सी-ग्रुप’, आणि २०१३ च्या आरंभी वापरकर्ता-आकड्यांचेही वेगळे जग. त्याच वर्षी मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स याने पायकॉन परिषदेत पाच मिनिटांत डॉकर दाखवले. अवघड कारागिरी एका आज्ञेत आली. पुढच्या वर्षी गूगलने कुबरनेटीज जाहीर केले.

कंटेनरचे सारे तत्त्वज्ञान विभक्ततेचे. तो एकटा जगतो, काम झाले की मरतो, त्याने स्वतःच्या पोटात लिहिलेले त्याच्यासोबत जाते. पण लोकांनी चढवलेली छायाचित्रे, हिशेबाच्या फाइली, रुग्णांचे अहवाल हे मरून चालत नाही. आणि एकाच कामाचे दहा कंटेनर पाच यंत्रांवर पसरले, की सगळ्यांना तोच फोल्डर दिसला पाहिजे. कुबरनेटीजच्या परिभाषेत या गरजेला ‘रीड-राइट-मेनी’ म्हणतात. तिचे सर्वांत सुलभ उत्तर म्हणून पुढे आली तीच १९८५ ची खिडकी.

कंटेनरला ही खिडकी सहसा स्वतः उघडता येत नाही. माउंट करण्याचा अधिकार डॉकर त्याच्याकडून आरंभीच काढून घेतो. ती उघडतो यजमान यंत्राचा गाभा. डॉकरमध्ये एनएफएसचा पत्ता देऊन एक ‘व्हॉल्यूम’ घोषित करतात. ते वापरणारा पहिला कंटेनर सुरू होताना यजमान तो फोल्डर एकदा जोडतो आणि मग प्रत्येक कंटेनरला त्याचेच दुसरे दार देतो. म्हणून एकाच यजमानावरील कंटेनरांना एकमेकांचे लिखाण तत्काळ दिसते. यजमान वेगळे असले की एनएफएसचा जुना करार लागू होतो : एकाने फाइल बंद केल्यावर दुसऱ्याने ती नव्याने उघडली तरच ताजेपणाची हमी. एरवी फाइलीचा आकार, वेळ इत्यादी माहिती लिनक्स जवळच्या साठ्यातून सांगतो. ती साधारणतः तीन ते साठ सेकंद जुनी असू शकते. ‘फाइल लिहिली, पण पलीकडे दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

यजमान आणि कंटेनर यांच्यातील क्रमही महत्त्वाचा. यजमानाचा साधा फोल्डर कंटेनरला आधी दिला आणि त्या जागी एनएफएस नंतर जोडले, तर कंटेनरला आत जुना, रिकामा फोल्डरच दिसत राहतो. त्याच्या जगाची प्रत आधीच निघालेली असते. तो मुकाट्याने त्या रिकाम्या जागी लिहितो, चूक कोठेही नोंदली जात नाही, आणि काही दिवसांनी लक्षात येते की लिखाण सर्व्हरवर गेलेलेच नाही. येथे दिसणारी चूक बरी; न दिसणारी जीवघेणी.

तरी सर्वांत वरचढ प्रश्न आकड्यांचाच. डेबियनवर आधारलेल्या कंटेनरात वेबसाइट चालवणाऱ्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याचा आकडा ३३. पीएचपीच्या अल्पाइनवर आधारलेल्या कंटेनरात त्याच नावाच्या वापरकर्त्याचा आकडा ८२. नाव एक, आकडे दोन, फोल्डर सामाईक. ३३ ने लिहिलेली फाइल ८२ ला परकी. पोस्टग्रेस या डेटाबेसचेही तसेच : डेबियनच्या प्रतीत ९९९, अल्पाइनच्या प्रतीत ७०. हलकी प्रत बरी म्हणून कोणी डेबियनवरून अल्पाइनवर गेले, की आपल्याच डेटापाशी अडवले जाते.

अनेक कंटेनर सुरू होतात ते ‘रूट’ म्हणून, आकडा शून्य. सुरू होताच ते फोल्डराची मालकी आपल्या वापरकर्त्याच्या नावे करू पाहतात. मागणी तारेवरून सर्व्हरकडे जाते. सर्व्हर शून्य पाहतो आणि १९८५ च्या रिवाजाप्रमाणे त्याचा ६५५३४ करतो. ‘कोणीही नाही’ने मालकी बदलण्याची मागणी केलेली असते, ती फेटाळली जाते, कंटेनर कोसळतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो.

मग घाईत शोधलेला उपाय ठरलेला : सर्व्हरवर ‘नो रूट स्क्वॉश’ लिहायचे. सगळे सुरळीत चालू लागते. ज्या एका पाहुण्यासाठी कडी होती, तीही काढलेली असते. आता त्या फोल्डरापुरता कंटेनरातला शून्य म्हणजे सर्व्हरवरचा शून्य. एका कंटेनरात शिरलेला घुसखोर बाकीच्या सर्व कंटेनरांच्या फाइली वाचू, बदलू, पुसू शकतो. भिंती शाबूत राहतात आणि घर लुटले जाते. इतक्या कष्टाने रचलेल्या विभक्ततेचे असे एका शब्दात विसर्जन होते, आणि तो शब्द लिहिणाऱ्याला बहुधा त्याचा अर्थही कोणी सांगितलेला नसतो.

डेटाबेसची मुख्य फाइल अशा फोल्डरात ठेवून दोन कंटेनरांनी लिहावी, हा तर अविचारच. एसक्यूलाइटची स्वतःची कागदपत्रे नेटवर्कवरील फाइल-व्यवस्थेबाबत इशारा देतात, कारण तिची सुरक्षा कुलपांवर अवलंबून आहे आणि अनेक ठिकाणी ती कुलपे भरवशाची नसतात. चढवलेली छायाचित्रे, तयार झालेले अहवाल, एकाने लिहावे आणि अनेकांनी वाचावे अशा फाइली, या कामांत मात्र ही खिडकी दशकानुदशके निमूटपणे सेवा देत आली आहे.

गाभ्याच्या कारागिरांना ही अडचण ठाऊक आहे. २०१३ नंतर कंटेनरातल्या शून्याला यजमानावर एखादा सामान्य आकडा मानता येऊ लागले. पण ज्या आकड्याला नव्या जगात प्रतिरूपच नाही, तो कंटेनरात कसा दाखवायचा? लिनक्सने त्यासाठी निवडलेला आकडा ६५५३४. सनच्या सोळा बिटांतला उणे दोन, बत्तीस बिटांच्या जगात, सर्व्हरशी काडीमात्र संबंध नसतानाही, तसाच हजर झाला.

एप्रिल २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ ने आणखी एक पाऊल टाकले : फोल्डर जोडतानाच त्यातील मालकीचे आकडे भाषांतरित करण्याची सोय. ३३ आणि ८२ यांचा तंटा मिटवायला नेमकी हीच सोय हवी होती. आरंभी ती एक्स्ट-४, एक्सएफएस आणि फॅट या फाइल-व्यवस्थांना मिळाली. एनएफएसचे नाव त्या पहिल्या यादीत नव्हते.

म्हणून अनुभवी व्यवस्थापक आजही कंटेनरांची मांडणी लिहिताना प्रथम एक आकडा ठरवतात, प्रत्येक कंटेनरच्या नोंदीत ‘वापरकर्ता’ या रकान्यात तोच लिहितात, सर्व्हरवरच्या फोल्डराची मालकी त्याच आकड्याला देतात, आणि शून्याला बाहेरच ठेवतात. यलो पेजेसची ती जुनी सामाईक यादी आता चार ओळींच्या फाइलीत मावते.